करमतं का?

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईनं विचारलं, "करमतं का गं?"

हाच प्रश्न ती मला पूर्वी पत्रातून विचारायची. लग्न होऊन मी पुण्याला आले त्या पहिल्या वर्षी तिचं आठवड्याला एक आंतरदेशीय पत्र यायचं. मजकूर भरगच्च असायचा, जागा संपलेली असायची, तरी घडी घालायच्या कडेला आडवं करून शेवटचं वाक्य लिहिलेलं असायचंच: तिथं करमतं का? आता मी छप्पन्न वर्षांची आणि ती ऐंशीची. आमच्या सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून घसरून माझा घोटा मोडला, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं. यजमान नोकरीसाठी नाशिकला, मुलगी बंगळुरूला. "तिसऱ्या मजल्यावर एकटी काय करशील?" म्हणून भाऊ कोल्हापुराहून गाडी घेऊन आला आणि मला साताऱ्याला आईकडे सोडून गेला. ज्या खोलीत मी दहावीचा अभ्यास केला त्याच खोलीत, त्याच खिडकीशी खाट टाकली होती. आषाढ लागला होता. खिडकीतून एरवी दिसणारा अजिंक्यतारा ढगात बुडालेला होता.

माहेरी आलेल्या मुलीनं या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं ते मला ठाऊक होतं. पण मी खरं तेच सांगितलं. "नाही करमत."

करमणं हे क्रियापद आपण बहुतेक वेळा 'नाही' जोडूनच वापरतो. नव्या नवरीला करमत नाही, वसतिगृहात ठेवलेल्या पोराला करमत नाही, बदलीच्या गावी माणसाला पहिले दोन महिने करमत नाही. करमायला लागलं की त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण तेव्हा मन जागेवर आलेलं असतं. करमणूक हा शब्द याच घरचा. पुढे तो बाहेर पडला, थिएटरात गेला, तिकिटावर त्याचा कर लागला, आणि घटकाभर मन दुसरीकडे नेणं एवढाच त्याचा अर्थ उरला. हरी नारायण आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं तेव्हा त्याचं नाव 'करमणूक' ठेवलं, आणि त्याच साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः घराघरांत गेली. त्या कादंबरीतल्या यमूचे हाल वाचून कोणाची आजच्या अर्थानं करमणूक झाली असेल, हे मला खरं वाटत नाही. मात्र पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या घरांत मन लागत होतं, जीव गुंतत होता, आणि आपट्यांना तोच अर्थ अभिप्रेत असावा असं मी धरून चालते.

पहिला आठवडा मी मोबाइलवर मालिका बघण्यात घालवला. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू व्हायचा. उठायचं नव्हतंच, त्यामुळे थांबवायलाही काही कारण नव्हतं. चार दिवसांत एका मालिकेचे तीन सीझन झाले. पाचव्या दिवशी आईनं सहज विचारलं, "काय गोष्ट होती?" मी सांगायला लागले आणि अडखळले. कोण कोणाचा भाऊ, खून आधी झाला की चोरी, काहीच नीट लागेना. डोळे दुखत होते, मन होतं तिथंच होतं. २०२० च्या टाळेबंदीतही माझं असंच झालं होतं. पाडव्याच्या दिवशी, २५ मार्चला, दारं बंद झाली आणि २८ तारखेपासून दूरदर्शननं रामानंद सागरांचं १९८७ सालचं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. समोर रामायण आणि हातातल्या मोबाइलवर रुग्णांचे आकडे. भीतीनं भरलेल्या घरात कोणाला करमणार? ते दिवस मी मोजतच नाही. या वेळी मात्र भीती नव्हती, फक्त पाय मोडलेला होता, आणि दिवस मोकळे होते.

मग मी मावशींना, म्हणजे आईकडे कामाला येणाऱ्या बाईंना, कपाटातली पुस्तकं काढून द्यायला सांगितली. त्यांनी हाताला येतील तशी दहा-बारा खाटेवर आणून ठेवली. त्यात दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं. पहिल्या पानावर अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, अक्षरात एवढंच: कऱ्हाड, १९७५. त्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई होत्या आणि आणीबाणीच्या विरोधात त्या उभ्या राहून बोलल्या होत्या. अण्णा साताऱ्याहून एस.टी.नं गेले होते. परत आल्यावर त्यांनी भाषणाबद्दल काय सांगितलं ते मला आठवत नाही, मी आठ वर्षांची होते. पुस्तक मात्र तेव्हापासून घरात आहे आणि मी ते कॉलेजात असताना एकदा वाचलं होतं. आता वाचलं ते निराळं.

'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. महिन्यामहिन्यानं जाणारं पुस्तक आहे, झाडं, फुलं, आभाळ, पाऊस, पक्षी यांचं, आणि ते लिहिणारी बाई राहत होती मुंबईत. एकीकडे रान आणि दुसरीकडे शहर अशी त्यांची वाटणीच नव्हती. दुर्गाबाई तरुणपणी संशोधनासाठी मध्य भारतातल्या आदिवासी भागात हिंडत असताना त्यांना विषबाधा झाली आणि नंतरची काही वर्षं अंथरुणात गेली. डॉक्टरेटही राहून गेली. कॉलेजात वाचताना मला हे माहीत नव्हतं. आता पाय उशीवर ठेवून वाचताना सारखं वाटत होतं की एवढं निरखून बघायची सवय, एका फांदीवर एवढा वेळ थांबायची तयारी, त्या पडून राहण्याच्या वर्षांनी आणखी पक्की केली असणार. हे माझं वाटणं आहे. पण सहा आठवडे खिडकीशी पडून राहिलेल्या कोणालाही ते पटेल.

मी पुस्तक सुरुवातीपासून धरलं नाही. आषाढ होता, आषाढच काढला. वाचायचं, आणि बाहेर बघायचं. पहाटे चारच्या सुमाराला पावशा ओरडायचा, पाऊस थांबलेला असला की. त्याचा आवाज चढत चढत जातो, अगदी वर टोकाला जाऊन एकदम तुटतो, आणि थोड्या वेळानं पुन्हा तळापासून सुरू होतो. लहानपणी आम्ही त्याला 'पेरते व्हा' म्हणायचो, सगळेच म्हणतात. याच खिडकीत मी वर्षानुवर्षं तो ऐकला असणार, पण एका दमात तो किती वेळा चढतो हे मी त्या आषाढात पहिल्यांदा मोजलं. शेजारच्या कुंपणाच्या तारेवर एक भिजलेला बुलबुल रोज त्याच जागी येऊन पंख झटकायचा. आठवड्याभरात मला त्याची वेळ पाठ झाली.

एका दुपारी आई माझ्या खोलीतच गोधडी घालायला बसली. जमिनीवर चटई, चटईवर जुन्या मऊ झालेल्या सुती साड्यांचे थर, आणि सगळ्यात वर आजीचं इरकली लुगडं. कडा सरळ राहाव्यात म्हणून चारी कोपऱ्यांवर तिनं पितळी डबे ठेवले होते. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे, मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनामागून चौकोन असं आत आत यायचं. शेवटचा टाका मधोमध. तिच्या बोटात पितळेचं अंगुस्तान होतं, आतून झिजून पातळ झालेलं. सुई एकदा खाली जाऊन वर यायची तेव्हा तिच्यावर चार टाके एकदम असायचे. ऐंशीव्या वर्षी तिच्या टाक्यांतलं अंतर फूटपट्टीनं मोजावं इतकं सारखं होतं.

"मोठ्यानं वाच की," ती म्हणाली. "नुसतं मनात काय वाचतेस."

म्हणून मी वाचायला लागले. रोज दुपारी तीन ते साडेचार. मी वाचत असले तरी माझा एक डोळा तिच्या हातावर असायचा, आणि दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की काही वाक्यांना तिची सुई थांबते. ती मान वर करत नव्हती, काही बोलतही नव्हती. सुई कापडात अर्धी जाऊन तशीच राहायची. वाक्य संपलं की पुन्हा चालू. पुस्तकातलं काय चांगलं हे मला माझ्या वाचण्यापेक्षा त्या सुईनं जास्त सांगितलं.

वाचन झालं की चहा, आणि चहाबरोबर तिच्या गोष्टी. १९५५ सालच्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती. गदिमांची गीतं, बाबूजींचं संगीत, आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर ५६ गाणी. त्यांच्या घरी रेडिओ नव्हता. वाड्यात एका बिऱ्हाडाकडे होता, तिथं सगळा वाडा जमायचा, आणि आई ओट्यावर वही घेऊन बसायची. ती वही अजून आहे. मावशींनी फळीवरून काढून दिली. निळ्या शाईनं लिहिलेली गाणी, पानांना वाळवीनं चाळण केलेली. मी मोजली, ५६ पैकी ३१ होती, आणि त्यातली निम्मी अर्धवट. कुठे दोन कडवी, कुठे नुसता मुखडा आणि खाली कोरी ओळ सोडलेली.

"मधेच का सोडलीस?"

"हाक यायची ना घरातून. पाणी भरायचं असायचं, बाळ्या रडत असायचा." बाळ्या म्हणजे माझा धाकटा मामा. "पुढचं पुन्हा कधी ऐकलं तर भरू म्हणून जागा ठेवली होती."

जागा तशाच होत्या. अडुसष्ट वर्षं.

अण्णांची करमणूक कशात होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यासाठी सगळं घर गप्प बसायचं. त्यांना रेडिओवरचं शास्त्रीय गाणं टेप करायचा नाद होता. रेडिओ जुना, त्यातून सरळ टेप करायची सोय नव्हती. म्हणून ते टेपरेकॉर्डर रेडिओसमोर उशीवर ठेवायचे, खिडक्या लावून घ्यायचे आणि बोटानं आम्हाला गप्प राहायला सांगायचे. साठ-सत्तर कॅसेटी बुटांच्या खोक्यांत लावून ठेवलेल्या आहेत, प्रत्येकीवर नाव, राग, महिना, साल. ते गेल्यावर कोणी त्या लावल्या नव्हत्या. रेकॉर्डर लावून बघितला तर सगळे गायक पाण्याखालून गायल्यासारखे ऐकू आले. गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं आतला रबरी पट्टा सैल झाल्याचं सांगितलं, नवा घातला. काही फितींवर पांढरट बुरशी होती. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं मी हेड पुसायची, सैल पडलेली फीत षटकोनी पेन्सिल घालून फिरवून घट्ट करायची. सहा कंगोऱ्यांची ती पेन्सिल कॅसेटच्या दात्यांत इतकी चपखल बसते की जणू त्यासाठीच केली होती. त्या कामात तासच्या तास जात आणि मला पायाची आठवणही होत नसे.

एका कॅसेटवर लिहिलं होतं: कुमार, मल्हार, आषाढ १९८२.

कुमार गंधर्वांची गोष्ट अण्णा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा मुलगा, लहानपणीच मोठ्या मैफली गाजवलेला, मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकलेला. ऐन तारुण्यात क्षयानं गाठलं आणि १९४८ च्या सुरुवातीला हवापालटासाठी ते देवासला गेले. गायची बंदी. एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. काही वर्षं, ज्या वयात गवई दौऱ्यावर असतो त्या वयात, हा माणूस खाटेवर पडून ऐकत राहिला. रस्त्यानं जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची गाणी, फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजनं, पाखरं, वारा. उठून पुन्हा गायला लागले तेव्हा त्यांच्या गाण्यात ते सगळं होतं. लोकधुनांतून त्यांना नवे राग दिसले, आणि १९६५ साली 'अनूपरागविलास'मधून त्यांच्या बंदिशी छापून आल्या. छोटा दम, तुटक तान, मधेच सोडलेली जागा, यांवर त्या काळी लोकांनी वाद घातले. अण्णा म्हणायचे, ज्याला श्वास मोजून मिळतो त्यालाच शांततेची किंमत कळते.

या गोष्टीतलं एक माणूस अण्णांच्या तोंडून क्वचितच यायचं. कुमारजी पडून होते तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाई देवासला शाळेत शिकवायला जात होत्या. घर त्यावर चाललं होतं. कुमारजी ऐकत होते, कारण भानुमतीबाई रोज सकाळी घराबाहेर पडत होत्या. आजारपणातल्या त्या ऐकण्याबद्दल जितकं लिहिलं जातं तितकं या जाण्या-येण्याबद्दलही लिहिलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

कॅसेट लावली. आधी खरखर, मग निवेदकाचा आवाज, आणि त्याच्या मागे, अगदी जवळून, एक लयबद्ध खडखड. मला काही कळेना. तंबोरे सुरू झाले आणि खडखड थांबली. त्यानंतर अर्धा तास मल्हार, मागे बाहेरच्या पावसाचा बारीक आवाज, आणि घरातून काहीही नाही. ना भांडं, ना पाऊल. एक तान ऐन भरात असताना बाजू संपली आणि बटण वर आल्याचा खट्ट आवाज झाला.

आई दारात उभी होती. "माझं मशीन आहे ते," ती म्हणाली.

त्या वर्षी ती आजूबाजूच्या बायकांची ब्लाउज शिवून द्यायची. माझ्या दहावीच्या फीसाठी आणि क्लाससाठी. मी याच खोलीत अभ्यास करत होते, ती मधल्या खोलीत मशीनवर होती, आणि अण्णांनी बोट वर केलं तसा तिनं पाय उचलला.

"कुणाचं ब्लाउज होतं ते आठवतं का गं?"

"न आठवायला काय झालं? हिरवं होतं. समोरच्या सुनेचं, दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण होतं तिचं. मग रात्री जागून पुरं केलं." थोडं थांबून ती म्हणाली, "पण गाणं चांगलं होतं. मी बसल्या जागी ऐकलं सगळं."

अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनीच मला ऐकायला शिकवलं, आणि त्यांच्यामुळे आज माझ्यापाशी तो मल्हार आहे. तरी त्या संध्याकाळी मी कॅसेट उलटी केली नाही. माझ्या मनात ती थांबलेली खडखड राहिली होती. अण्णांचं टेप करणं होऊ शकलं ते आईचा पाय थांबला म्हणून. माझा अभ्यास होऊ शकला तो तिचा पाय चालला म्हणून. आणि आताही मी खिडकीशी पडून पावशाचे सूर मोजत होते, तेव्हा स्वयंपाकघरात ऐंशी वर्षांची बाई माझ्यासाठी भाकरी थापत होती. छंद म्हणून आम्ही घरात गाणी, पुस्तकं, नाटकं मोजत आलो. तिच्या गोधडीला कोणी छंद म्हटलं नाही. ते काम होतं.

पुढच्या दिवशी मी तिला दुसरी सुई मागितली. ती हसली नाही, अंगुस्तानही दिलं नाही, ते तिच्याच बोटाचं होतं. पण समोरच्या बाजूनं धावदोरा घालू दिला. माझे टाके लांब-आखूड पडत होते. तिनं उसवले नाहीत. श्रावण लागल्यावर पुस्तकातला श्रावण वाचला, आणि त्या आठवड्यात आम्ही आणखी एक गोष्ट केली. मुलीनं मोबाइलवर गीतरामायणातली गाणी शोधून पाठवली होती, ती लावली, आणि आईनं वही पुढ्यात घेतली. तिचा हात थरथरतो, म्हणून मी लिहीन म्हटलं तर नको म्हणाली. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, लिहायची, पुन्हा लावायचं. बारा वर्षांच्या मुलीच्या गोल अक्षराखाली ऐंशी वर्षांच्या बाईचं वाकडं अक्षर. एका दुपारी एक गाणं व्हायचं. मी घरी परतेपर्यंत नऊ गाणी भरून झाली.

या दिवसांत तिनं मला पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. तिला दिसत होतं.

प्लॅस्टर निघालं, आठवडाभर काठी घेऊन चालायला शिकले, आणि भाऊ मला पुण्याला पोचवून गेला. गोधडी तिनं माझ्याबरोबर दिली. रात्री तिचा फोन आला. जेवलीस का, जिना चढताना त्रास झाला का, औषध कुठलं चालू आहे. मग नेहमीचं: "करमतं का आता?" मी हो म्हटलं, आणि फोन ठेवता ठेवता थांबले. पस्तीस वर्षांत तो प्रश्न एकाच बाजूनं आला होता. बाराव्या वर्षी ओट्यावरून हाक मारून तिला उठवलं तेव्हापासून आजवर कोणी तिला हे विचारलं असेल असं मला वाटत नाही.

"आई, तुला करमतं का गं तिथं?"

ती इतका वेळ गप्प राहिली की फोन तुटला असं मला वाटलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "वाचणारं कोणी नाही."

त्याला आता दीड वर्ष होईल. दर शनिवारी आणि रविवारी दुपारी तीन वाजता मी फोनवरून तिला वाचून दाखवते. पलीकडे तिची गोधडी चालू असते, कोल्हापूरच्या नातवासाठी. फोनवर सुई थांबलेली ऐकू येत नाही, म्हणून ती आता तोंडानं सांगते, "हे परत वाच." 'ऋतुचक्र' फाल्गुनापर्यंत पुरं झालं. सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालू आहेत.